त्रैलोक्याची गोष्ट नेमके कोण सांगते आहे?

खऱ्या गुन्हेगार स्त्रियांवर बेतलेल्या रहस्यकथांची सध्या चलती आहे आणि त्यात एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्याच्या त्रैलोक्याचे नाव वारंवार पुढे येते. तिला 1884 साली फाशी झाली, म्हणजे लंडनमध्ये जॅक द रिपरचे खून सुरू होण्याच्या चार वर्षे आधी. तेवढ्या एका योगायोगावर तिला ‘रिपरच्याही आधीची’ असे बिरूद चिकटवले जाते. मला हे बिरूद बाष्कळ वाटते. रिपर कोण होता हे कोणालाच ठाऊक नाही. त्रैलोक्या मात्र आपल्याला बरीच ठाऊक आहे, पण ती मुख्यतः एकाच माणसाच्या लेखणीतून, आणि तो माणूस म्हणजे तिला पकडणारा पोलीस.

प्रियनाथ मुखोपाध्याय 1878 साली कलकत्ता पोलिसांत आले आणि 1911 पर्यंत नोकरीत होते. 1890 च्या दशकात त्यांनी ‘दारोगार दप्तर’ (म्हणजे दारोगाचे, पोलीस अधिकाऱ्याचे दप्तर) नावाने आपल्या तपासकथा मासिक स्वरूपात छापायला सुरुवात केली आणि पुढे त्या मालेत दोनशेहून अधिक कथा निघाल्या. बंगाली गुन्हेगारी साहित्याचा पायाच या दप्तराने घातला. त्रैलोक्याची कहाणी त्यातच येते. बर्दवानकडच्या खेड्यातली ब्राह्मणाची मुलगी, कुलीन प्रथेप्रमाणे, म्हणजे वयापेक्षा उच्च कूळ पाहून, म्हाताऱ्याशी लग्न, अकाली वैधव्य, मग एका वैष्णवीच्या मध्यस्थीने प्रियकराबरोबर घर सोडणे आणि अखेर सोनागाछी ही कलकत्त्याची वेश्यावस्ती. पुढे कालीबाबू नावाच्या माणसाची साथ, त्याच्या हरी नावाच्या मुलाला पोटच्या पोरासारखे वाढवणे, आणि तारुण्य ओसरून कमाई आटल्यावर खून. गुरूचे दर्शन घडवते, आशीर्वादाने भाग्य उजळेल, असे सांगून ती ओळखीच्या वेश्यांना अंगभर दागिने घालून कलकत्त्याच्या माणिकतळा भागातल्या एका बागेतल्या तळ्यावर नेई, स्नानाला उतरवी आणि बुडवी. अशा पाच जणी गेल्या. शेवटी राजकुमारी नावाच्या शेजारणीचा राहत्या घरातच खून झाला आणि तपास प्रियनाथांकडे आला.

पुरावा हाती लागेना, तेव्हा प्रियनाथांनी हरीलाच खुनात गोवण्याचा बनाव रचला. मुलगा फासावर जाणार या धास्तीने त्रैलोक्या बोलती झाली आणि तिने चोरलेले दागिने काढून दिले. हे सगळे दारोगांनी स्वतःच, लपवाछपवी न करता, किंबहुना काहीशा अभिमानाने लिहून ठेवले आहे. आता 1872 चा भारतीय पुरावा कायदा तेव्हा लागू होता. अधिकारपदावरच्या माणसाने धाक किंवा आमिष दाखवून मिळवलेला कबुलीजबाब त्याच्या 24 व्या कलमाने निरुपयोगी ठरे आणि पोलिसाला दिलेला कबुलीजबाब 25 व्या कलमाने आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. 27 वे कलम मात्र आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य धरत असे. म्हणजे दागिने निघणे किती गरजेचे होते, हे त्या दारोगाला पुरेपूर कळत असणार. कादंबरीकाराला याहून चांगला प्रसंग आयता कुठे मिळेल? तरीही बहुतेकांचे लक्ष तळ्याकडेच जाते.

माझा आक्षेप इथे आहे. ज्या मजकुराला आजचे रहस्यकथाकार ‘सत्य घटना’ म्हणतात, तो स्वतःच अर्धी रहस्यकथा आहे. बाईने आपली कर्मकहाणी आपल्याला सांगितली असे दारोगा म्हणतो, पण ती त्याच्या भाषेत, त्याच्या वर्गणीदार भद्रलोक (सुशिक्षित, प्रतिष्ठित बंगाली) वाचकांसाठी, आणि ‘पाय घसरलेली विधवा शेवटी कुठे जाते पाहा’ या ओळखीच्या साच्यात. आजची कादंबरी हा साचा फारतर उलटा करते: तेव्हाची कुलटा आता सूड उगवणारी पीडिता होते. मला दोन्ही सारखेच आळशी वाटतात, कारण त्रैलोक्याने मारले ते तिला नाडणाऱ्या पुरुषांना नव्हे. तिने मारले आपल्यासारख्याच बायकांना.

त्या बायकाच का सापडल्या, याचे उत्तर त्या शहरात होते. आयुष्याची पुंजी त्या सोन्याच्या रूपात अंगावर बाळगत. घरच्यांनी नाव टाकलेले, म्हणून बेपत्ता झाल्या तरी विचारायला येणारे कोणी नाही. त्यात 1868 चा चौदावा कायदा, ज्याखाली त्यांना पोलिसांकडे नाव नोंदवून सक्तीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागे आणि चुकवल्यास शिक्षा होई. तो 1888 मध्ये रद्द झाला, म्हणजे त्रैलोक्याच्या फाशीनंतर. अशा वस्तीतून कोणी नाहीशी झाली, तर शेजारीण आपण होऊन पोलीसचौकीत कशाला जाईल? दारोगाने हा प्रश्न फारसा छेडलेला नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणेही जरा भाबडेपणाचेच आहे. आजच्या लेखकाला मात्र ही सवलत मिळू नये.

म्हणून मला जी कादंबरी वाचायची आहे, तिची निवेदक त्रैलोक्याही नसावी आणि दारोगाही. दप्तरातच अशी एक बाई आहे की जी त्याच तळ्यावर नेली गेली आणि ऐन वेळी वाचली. त्या प्रकरणात त्रैलोक्यावर खटला झाला आणि पुरेशा पुराव्याअभावी ती सुटली. वाचलेली बाई सोनागाछीच्या त्याच गल्ल्यांत परतली असेल, सुटून आलेल्या त्रैलोक्याशी तिची नजरानजर झाली असेल, आणि आपल्या शब्दावर न्यायालयाचा विश्वास का बसला नाही याची कारणे तिला कोणत्याही वकिलापेक्षा नीट ठाऊक असतील. बंगालीत असो वा मराठीत, तिच्या तोंडून कोणी लिहिले तर मी ते पुस्तक पहिल्याच दिवशी विकत घेईन.