काशीच्या राजाची विहीर आणि चेरीची २०२ झाडं

बारवांची साफसफाई निघाली की आपल्याकडे एक प्रश्न ठरलेला: घरोघरी नळ आले, आता गाळ काढून काय मिळणार? दिवे लावायचे, फोटो काढायचे, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कचरा. प्रश्न खवचट आहे, पण शेवटचं वाक्य अनेक ठिकाणी खरं ठरतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्याला अशा वेळी ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोक रो गावची विहीर आठवते.

गाव चिल्टर्नच्या डोंगरावर. १८४६चं चर्च आणि पब, एवढं कुठल्याही इंग्रजी खेड्यात सापडेल. इथे मात्र रस्त्याच्या कडेला २३ फूट उंचीचा हिंदुस्थानी घाटाचा घुमट उभा आहे आणि खाली रहाटावर सोनेरी हत्ती. पाऊस पडूनही हे गाव तहानलेलं असायचं. वर गारगोट्यांची चिकणमाती, खाली खडूचा थर. खडूतून पाणी झिरपत खोल जातं, वर टिकत नाही. लोक मातीच्या खड्ड्यांत साठलेल्या पाण्यावर दिवस काढत आणि कोरड्या उन्हाळ्यात तेही आटे.

शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते. १८३१मध्ये त्यांनी आझमगढ भागात विहीर खोदवली होती. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून इंग्लंडातल्या आपल्या मुलखात एका पोराला मार बसल्याची हकीकत त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली. ती राजाच्या लक्षात राहिली. त्याच्या पैशाने १८६३मध्ये स्टोक रोमध्ये काम सुरू झालं, १८६४मध्ये विहीर खुली झाली. व्यास अवघा ४ फूट, खोली ३६८ फूट, सगळी हाताने खोदलेली. म्हणजे छत्तीस मजली इमारत जमिनीत उलटी घातली असं समजा, आणि तळाशी एकच माणूस कुदळ मारतोय. खर्च ३५३ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स.

(राजाने इंग्रजांना खूश करायला पैसे दिले, असं म्हणणारे म्हणोत. तो पैसा शेवटी बनारसच्या कुळांचा, हे खरंच आहे.)

पण खरी अक्कल खोदकामाबाहेर आहे. विहिरीलगत जमीन घेऊन चेरीची २०२ झाडं लावली, बागेचं नाव ईश्री बाग. फळाच्या उत्पन्नावर देखभाल चालावी, हा हिशेब. राखणदाराला राहायला अष्टकोनी घर. गावकऱ्यांना पाणी फुकट. बहार दरवर्षी सारखा येत नाही, ही या योजनेची कच्ची बाजू. तरी दोरखंड तुटला, रहाट अडला, तर कोणाचं दार ठोठावायचं हे गावाला ठाऊक होतं. नळ आल्यावर विहिरीचं काम संपलं, तरी वास्तू टिकली. १९६४च्या शताब्दीला राणीचे पती प्रिन्स फिलिप आले आणि विहिरीत गंगाजल ओतलं गेलं.

हा विचार आपल्याला परका नाही. सातारा जिल्ह्यातल्या लिंब गावची बारा मोटेची विहीर १७१९ ते १७२४ या काळात बांधली, ती आमराईसाठी; तिथे ३३०० कलमं होती असं सांगतात. तिथे विहिरीने झाडं जगवायची होती, स्टोक रोमध्ये झाडांनी विहीर. दोन्हीकडे बांधणाऱ्याने विहिरीसोबत बागेचाही विचार केला होता. आजच्या बारवेच्या अंदाजपत्रकात गाळ, दगड, मजुरी, उद्घाटनाचा मंडप असतो. राखणदाराच्या पगाराची ओळ शोधून बघा.