बागेचं खत बागेबाहेर का फेकताय?

पालापाचोळा म्हणजे कचरा, हे सार्वजनिक बागा चालवणाऱ्या या लोकांच्या डोक्यात कोणी भरवलंय? रोज सकाळी झाडाखालचं शेवटचं पान खराट्याने ओढून काढायचं, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबायचं आणि ट्रक भरून कचरा डेपोवर पाठवायचं. मग त्याच फाटकातून खताची पोती आत! झाडाने स्वतःचं खत स्वतःच्या पायाशी टाकलं होतं. ते उचलायला पैसे, वाहून न्यायला पैसे आणि वर नवं खत घ्यायला पुन्हा पैसे. संताप येतो नुसता.

त्या झाडांच्या बुंध्याशी एकदा वाकून बघा. माती इतकी घट्ट झालीय की पाणी मुरतच नाही, ओघळून वाटेवर जातं. मुळं उघडी पडलीत. तिथे ५ ते १० सेंटीमीटर पाल्याचा थर ठेवला असता तर ओल टिकली असती, तण कमी झालं असतं, गांडुळांनी माती भुसभुशीत केली असती. थर बुंध्याला चिकटू द्यायचा नाही, एवढंच पथ्य.

आणि ‘जागा नाही’ हे तर मला सांगूच नका. पाल्याचं खत करायला साधारण एक मीटर लांब-रुंद-उंच ढीग पुरतो. वाळक्या पानांत कार्बन जास्त, कापलेल्या ओल्या गवतात नायट्रोजन. दोन्हींचे थर द्या, पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा, अधूनमधून वरखाली करा. ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापला की तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. वास येतो म्हणे! हवा मिळाली नाही की वास येतो. ढीग हलवा ना मग!

डेपोत गाडलेला पाला हवेविना कुजतो, मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापवणारा. कुठे कुठे तर पाल्याला सरळ काडी लावतात आणि तो धूर खेळणाऱ्या पोरांच्या छातीत जातो. छाटलेल्या फांद्यांचंही तेच. भुगा करून पायवाटेवर पसरायचं सोडून त्याही ट्रकमध्ये.

माळ्यांना हे सगळं कळतं, त्यांच्यावर माझा राग नाहीच. एक माळीदादा कळवळून म्हणाले, पाला ठेवला की लोक ‘बाग घाण दिसते’ म्हणून तक्रार करतात आणि ओरडा आम्ही खातो. ठेकेदाराला उचललेल्या वजनावर पैसे मिळत असतील, तर तो एक पान तरी मागे ठेवेल का? ती अट आधी काढा. बागेतला पाला बागेबाहेर जाणार नाही, असं ठेक्यातच लिहा.