‘सगळी कॉकपिटं सारखीच’ म्हणणाऱ्या ढकलपत्राची झाडाझडती

विमान अपघाताची बातमी आली की एक ढकलपत्र हमखास फिरायला लागतं. मजकूर थोडक्यात असा: हल्ली सगळ्या विमानांची कॉकपिटं एकाच साच्यातून काढतात, एअरबसचं ए३२० चालवणारा वैमानिक उद्या त्यांचंच अवाढव्य ए३८० उडवतो, हे सगळं प्रशिक्षणाचा खर्च वाचवायला, तसंही विमान कॉम्प्युटरच चालवतो आणि या सारखेपणापायीच बोइंगची ७३७ मॅक्स विमानं पडली. शेवटी अर्थात ‘सर्वांना पाठवा’.

‘सगळ्या विमानांची’ हे पहिल्याच वाक्यात चुकतं. एअरबसमध्ये वैमानिकाच्या बाजूला छोटी दांडी, म्हणजे साइडस्टिक, असते आणि ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना थ्रस्ट लिव्हर, म्हणजे जोर कमीजास्त करायचे दांडे, जागचे हलत नाहीत. बोइंगमध्ये समोर मोठा योक, म्हणजे सुकाणूचा दांडा, असतो आणि ऑटोथ्रॉटल ही तशीच यंत्रणा लिव्हर प्रत्यक्ष पुढे-मागे सरकवते. सारखेपणा असतो तो एका कंपनीच्या एका कुळात.

आता ‘उद्या ए३८०’. ए३१८, ए३१९, ए३२० आणि ए३२१ या चौघांना मिळून एकच टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायची परवानगी, आहे. तिथे सकाळी एक आणि दुपारी दुसरं हे खरंच चालतं. पण ए३२० वरून ए३३० वर जायचं तर वेगळं रेटिंग लागतं. एअरबसच्याच हिशेबाने त्याला साधारण ८ कामाचे दिवस लागतात, तर आधी एअरबस न चालवलेल्या वैमानिकाला सुमारे २५. दिवस वाचतात ते फ्लाय-बाय-वायरमुळे, म्हणजे वैमानिक आणि पंख यांच्यामध्ये कॉम्प्युटर असल्यामुळे. स्टिक ढकलली की वैमानिक थेट पंखांच्या पाती हलवत नाही, तो विमानाने किती वळावं ते मागतो. पाती किती हलवायच्या हे कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे हवेत लहानमोठी विमानं हाताला बरीचशी सारखी लागतात.

जमिनीवर मात्र ही जादू संपते. ए३२० चं कमाल उड्डाणवजन ८० टनांच्या आत, ए३८० चं ५७५ टन. पंखांचा पसारा एकाचा ३६ मीटरांच्या आसपास, दुसऱ्याचा जवळपास ८०. नाकाखालचं चाक कॉकपिटच्या मागे असतं, म्हणून टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावर) वळताना वैमानिक स्वतः आधी काँक्रीटच्या कडेपलीकडे जातो आणि मग वळवतो. मागची चाकं दिसत नाहीत, म्हणून ए३८० ला शेपटीवर आणि पोटाखाली कॅमेरे दिले आहेत. एवढं सगळं ‘उद्या’ येत नाही.

खर्च वाचतो का? वाचतो. यात गुपित काहीच नाही, कंपन्या याच मुद्द्यावर विमानं विकतात.

‘कॉम्प्युटरच चालवतो’ म्हणणाऱ्यांनी १४ फेब्रुवारी १९९० चा बंगळूर आठवावा. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं नवंकोरं ए३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फ कोर्सवर आपटलं आणि ९२ माणसं गेली. विमान उतरत असताना इंजिनं आयडलवर, म्हणजे किमान जोरावर, राहिली, वेग घटत गेला आणि ते ध्यानात यायला उशीर झाला. कॉम्प्युटर दिलेल्या मोडप्रमाणेच, म्हणजे लावून दिलेल्या कामाच्या पद्धतीप्रमाणेच, वागत होता. मोड कोणता आहे यावर नजर ठेवणं हे माणसाचंच काम.

मॅक्सचा मुद्दा सगळ्यात चलाख, कारण तो अर्धा खरा आहे. सारखेपणा दोन प्रकारे येतो. बोइंगनेच ७५७ आणि ७६७ एकाच वेळी आखली. एक अरुंद, एक रुंद, पण कॉकपिट पहिल्यापासून एकत्र विचारात घेतलेलं. १९८३ मध्ये त्यांना सामाईक रेटिंग मिळालं आणि त्यावरून आरडाओरड झाली नाही.

७३७ चं उलटं. मूळ विमान १९६७ मध्ये उडालं, मॅक्स २०१६ मध्ये. मधल्या काळात इंजिनं इतकी मोठी झाली की ती पंखाच्या पुढे आणि वर सरकवावी लागली. त्यामुळे काही परिस्थितीत नाक जास्त वर जायला लागलं. ते खाली दाबायला एमकॅस नावाची प्रणाली आली. ती एका वेळी हवेशी विमानाचा कोन मोजणाऱ्या एकाच सेन्सरवर विसंबून होती आणि वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये तिची माहितीच नव्हती. ७३७ च्या वैमानिकांना मॅक्ससाठी सिम्युलेटर प्रशिक्षण लागलं तर दर विमानामागे दहा लाख डॉलर सूट द्यायचं वचन बोइंगने साउथवेस्ट या अमेरिकी विमानकंपनीला दिलं होतं, हे अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत बाहेर आलं. दोन अपघातांत लायन एअरचे १८९ आणि इथिओपियन एअरलाइन्सचे १५७ जीव गेले. दोष सारख्या कॉकपिटचा नव्हता. विमान बदललं होतं आणि बदललं नाही असं भासवलं गेलं. ढकलपत्र नेमकं हेच गाळतं आणि बोइंगला फुकटात सोडवतं.

या अपघातांनंतर मॅक्सवर बंदी आली. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने मॅक्सला पुन्हा परवानगी दिली, तेव्हा सिम्युलेटर सक्तीचं झालं आणि एमकॅस दोन्ही सेन्सर ताडून पाहू लागलं. आपल्या डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतूक नियामकाने, ऑगस्ट २०२१ मध्ये बंदी उठवली. पण डिसेंबर २०२२ मध्ये मॅक्स ७ आणि मॅक्स १० या मॉडेलांना अमेरिकी काँग्रेसकडून वैमानिकांना बिघाड सांगणाऱ्या आधुनिक इशारा प्रणालीच्या अटीतून सूट मिळाली. सूट मागणाऱ्यांचं म्हणणं होतं, एकाच कुळात दोन तऱ्हेचे इशारे नकोत, वैमानिक गोंधळतील. काँग्रेसने बदल्यात जादा सुरक्षा-सुधारणांची अट घातली, आधी विकलेल्या मॅक्स विमानांसाठीसुद्धा.