फोटो प्रिंटरमध्ये टाकला की अंधांसाठी चित्र तयार? इतकं सोपं नाहीये ते

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतंय, की आता थ्रीडी प्रिंटरमध्ये कुठलाही फोटो टाका, अंधांसाठी उठावाचं, म्हणजे बोटांनी चाचपून कळणारं, चित्र आपोआप मिळतं, जन्मांधांना तसंही चित्र कळत नाही, रंगाची गरज नाही, ब्रेलची पट्टी चिकटवली की काम संपलं. मुंबईत बसून मी अशीच उठावाची चित्रं करते, म्हणून लिहितेय.

आधी ते 'आपोआप'. असली बरीचशी सॉफ्टवेअर फक्त उजेड-अंधार बघतात, उजळ ते उंच, काळं ते खोल, नाहीतर बरोबर उलटं. गेटवेचा दुपारचा फोटो टाकून बघा, पांढरंफेक आभाळ दगडाच्याही वर येतं आणि कबुतरं म्हणजे नुसती पुरळ!! डोळ्यांना सगळं एकदम दिसतं, बोट तुकड्यातुकड्याने जोडत जातं, आणि दोन रेघा दोनेक मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या की त्यांची एकच होते (ब्रेलचे टिंब उगाच अडीच मिलिमीटरवर नसतात). म्हणजे खरं काम काय, तर गाळणं. मी कबुतरं, टुरिस्ट, जाळीची नक्षी सगळं उडवते, मोठी कमान आणि मनोरे ठेवते, दगडाला सँडपेपर, समुद्राला नालीदार पुठ्ठा, आणि मग अंध माणसाच्या हातात देऊन गप्प बसते. तो अडखळला की ती जागा पुन्हा करायची. हे कुठलं मशीन करणार?

जन्मांधांना कळत नाही म्हणे. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी कधीच दाखवून दिलंय की जन्मांध माणसं उठावाच्या रेघांवरून वस्तू ओळखू शकतात, स्वतः काढतातसुद्धा. तुर्कस्तानचे एश्रेफ आर्माआन तर जन्मांध असून पेंटिंग करतात. आणि अंध म्हणजे सगळे जन्मांध हे कोणी सांगितलं? चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी पन्नाशीनंतर गेली, तरी कागद कापून कोलाज करत राहिले.

रंगाचं म्हणाल तर अनेकांना थोडंफार दिसतं, पिवळ्यावर काळं त्यांना लगेच सापडतं. माद्रिदच्या प्राडो म्युझियमने २०१५ मध्ये हाताळायला ठेवलेल्या चित्रांच्या उठावाच्या प्रतीही रंगीतच होत्या.

राहिली ब्रेलची पट्टी. ती हवीच, पण मोठेपणी दृष्टी गेलेल्या कितीतरी जणांना ब्रेल येत नाही, त्यांच्यासाठी ऑडिओ लागतो, आणि तोही "हे गेटवे आहे, १९२४ साली बांधून झालं" एवढाच नाही, तर कागद आडवा की उभा, खाली डाव्या कोपऱ्यात काय लागेल, तिथून बोट वर न्यायचं की उजवीकडे, असा.