बक्षीस तिचं, मग त्याचं काय करायचं हे तीच ठरवणार

आज सकाळी एका ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. एका मुलीने काव्यवाचन स्पर्धेत पहिला नंबर काढला. बक्षीस काय, तर स्मार्टवॉच. तिच्याकडे एक आधीच आहे. म्हणून तिने सील न फोडलेलं खोकं विकायला काढलं आणि जाहिरातीत सरळ लिहिलं की या पैशांतून आवाज रेकॉर्ड करायला माइक घ्यायचाय. आयोजकांपैकी एका गृहस्थांनी ती जाहिरात तिच्या नावासकट ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘ज्यांना बक्षिसाची कदर नाही त्यांनी पुढच्या वेळी भाग घेऊ नये.’ आणि त्यावर अंगठ्यांचा पाऊस. चांगल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांचे अंगठे!

अहो, कविता वाचणारी मुलगी माइक घेतेय. त्या घड्याळाचं याहून चांगलं काय व्हायला हवं होतं? ड्रॉवरमध्ये पडून राहायला हवं होतं?

मला लगेच मावशीची सायकल आठवली. माझी मावशी सगळ्या स्पर्धांत भाग घ्यायची. निबंध, घोषवाक्य, शब्दकोडं, जे दिसेल ते. सुंदर अक्षर, आणि लिहायला बसली की आजूबाजूला कोण आहे याचं भान नसायचं. अशाच एका घोषवाक्याला तिला गिअरची सायकल लागली. मावशीचे गुडघे तेव्हा जिने चढतानाही दुखायचे. सायकल आली ती खोक्यातच, पेडल वेगळे, हँडल आडवं वळवलेलं, सीटवर प्लास्टिक. घरातले सगळे म्हणाले, राहू दे, बक्षिसाची आहे, शोभेला ठेवू. मावशी म्हणाली, ‘सायकल काय शोभेला ठेवायची वस्तू आहे?’

तिच्याकडे मदतीला येणाऱ्या बाईंची मुलगी क्लासला रोज लांबवर चालत जायची. मावशीने आधी त्या बाईंना विचारलं. नुसतं ‘घेऊन जा’ नाही म्हणाली. ‘तिला हवी असेल तरच सांगा, नको असेल तर तसं सांगा, मला अजिबात वाईट वाटणार नाही,’ असं म्हणाली. मग दुकानातून सायकल नीट जोडून आणली, ब्रेक तपासून घेतले, सीट त्या मुलीच्या उंचीला खाली करून घेतली. कुलूप-किल्ली, बिल, वॉरंटी कार्ड, सगळं एका पाकिटात घालून दिलं. प्रमाणपत्र तेवढं स्वतःच्या फाइलला लावलं.

ही गोष्ट आयोजकांच्या कानावर गेली आणि तिथेही हेच झालं. ‘आमच्या बक्षिसाचा मान ठेवला नाही.’ त्यानंतर मावशीला त्यांच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं नाही. मला अजून राग येतो त्याचा.

मला एक सांगा, मान कशाचा ठेवायचा असतो? तिच्या ओळी परीक्षकांना आवडल्या, तिचं नाव पुकारलं गेलं, ती उठून पुढे गेली. तो मान तिला तिथेच मिळाला आणि तो कुणी काढून घेऊ शकत नाही. उरली ती वस्तू. वस्तू ज्याला लागते त्याच्याकडे जावी, एवढं साधं आहे हे.

आणि गंमत बघा, हेच कुणी मोठ्या माणसाने केलं की आपण डोळे पुसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये भालाफेकीत रौप्य मिळवलेल्या पोलंडच्या मारिया आंद्रेइचिकने 2021 मध्ये, पदक मिळाल्यावर काही दिवसांतच, ते लिलावात काढलं. का, तर एका तान्ह्या मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी पैसे हवे होते. ती स्वतः हाडाच्या कॅन्सरमधून उठलेली. पोलंडमधल्याच एका दुकानसाखळीने बोली जिंकली आणि पदक तिचं तिला परत दिलं. ही बातमी याच ग्रुपवर किती जणांनी फिरवली होती! रशियन पत्रकार दिमित्री मुरातोव्ह यांनी 2022 मध्ये आपलं शांततेच्या नोबेलचं पदक लिलावात दिलं. 10 कोटी 35 लाख डॉलर आले, ते सगळे युद्धामुळे घर सुटलेल्या युक्रेनच्या मुलांसाठी युनिसेफला. आणि हे काही आजचं खूळ नाही. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी 1922 चं आपलं नोबेल पदक 1940 मध्ये फिनलंडच्या मदतीसाठी लिलावात दिलं होतं. नोबेलचा अपमान झाला असं तेव्हा कुणाला वाटलं का? मग एका मुलीने घड्याळ विकून माइक घेतला तर यांचं काय बिघडलं?

‘ते दान होतं, ही तर स्वतःसाठी विकतेय,’ असं एकाने तिथे लिहिलंय. बरं मग? जिंकली कोण? तिच्या गुणांचं ते फळ आहे, ते तिला उपयोगी पडेल अशा रूपात तिने बदलून घेतलं. प्रत्येक वेळी दानच केलं पाहिजे, मगच ते शुद्ध, हे कुणी ठरवलं?

हो, निव्वळ विकायला वस्तू मिळावी म्हणून स्पर्धांमागे धावणारेही असतात. असतील. त्यांच्यासाठी बाकीच्यांना का झोडपायचं?

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. आयोजकांची बाजू मला कळत नाही असं नाही. मीही वर्गण्या गोळा केल्यात, दोन-दोन तास फोनवर घालवलेत, प्रायोजकाने ऐनवेळी हात वर केल्यावर पळापळ केलीय. आपण जीव टाकून आणलेली वस्तू कुणी विकायला काढलेली दिसली की चर्र होतंच. कुणी स्वतःच्या हाताने केलेलं काही बक्षीस म्हणून दिलं असेल, चित्र किंवा विणलेली शाल, तर ते देण्या-विकण्याआधी दहादा विचार करावा, हेही मला पटतं. पण तुम्ही दिलेलं स्मार्टवॉच प्रायोजकाच्या गोदामातून आलंय. त्यात कुणाचा जीव अडकलेला नाही. आणि लहान मुलांच्या स्पर्धेला ट्रिमर, आज्यांच्या स्पर्धेला गेमिंगचे हेडफोन असली बक्षिसं आपणच वाटतो ना? वय बघायचं नाही, गरज विचारायची नाही, आणि वर कदर मागायची?

पुन्हा राग आलाच.

आता दुसऱ्या बाजूचा राग. नको असलेलं बक्षीस ‘चांगल्या कामाला’ देतो म्हणणारे काही लोक काय देतात ते मी बघितलंय. मुलांच्या एका वसतिगृहात मदतीला जाते तिथे एकदा पोतंभर ट्रॉफ्या आल्या. सगळ्यांवर दुसऱ्यांची नावं, एकीची मूर्ती मानेत तुटलेली. एक मुलगा त्यावरचं नाव मोठ्याने वाचत होता आणि मला तिथे उभं राहवेना. हे देणं नाही, हे घर रिकामं करणं आहे. मावशीने सायकल देताना ब्रेक तपासले होते, ते यासाठी.

ट्रॉफ्यांचं खरंच काही करायचं असेल तर जरा हात चालवा. बहुतेक ट्रॉफ्या उलट्या केल्या की तळाला एक नट दिसतो. तो सोडवला की आतली सळई निघते आणि बैठक, खांब, वरची मूर्ती, सगळं सुटं होतं. नावाची पट्टी बहुतेक वेळा नुसती चिकटवलेली असते, ती निघते. नवी पट्टी लावून अशी ट्रॉफी एखाद्या लहान क्लबला दिली तर त्यांचा खर्च वाचतो, पण आधी विचारून. जी तुटलीय तिची दगडी बैठक पुस्तकांना टेकू म्हणून उत्तम. वरची सोनेरी बाहुली मात्र बऱ्याचदा प्लास्टिकवर चढवलेला मुलामा असते, ती धातूत जात नाही आणि धड प्लास्टिकमध्येही जात नाही. म्हणून तर मी म्हणते, आयोजकांनो, फिरता चषक ठेवा. विंबल्डनचा मूळ चषकही क्लबकडेच राहतो, विजेत्याला प्रतिकृती मिळते. कुणाला कमीपणा आलाय त्यात?

पदकांचंही तसंच. अमेरिकेत मेडल्स फोर मेटल नावाची संस्था आहे. मॅरेथॉन पळालेली माणसं आपली पदकं तिथे देतात आणि ती मोठ्या आजारांशी झुंजणाऱ्या माणसांना दिली जातात. तिथे पळणारा माणूस झुंजणाऱ्याला सलाम करतो. अडगळ काढणं आणि हे, यात फरक आहे आणि घेणाऱ्याला तो बरोबर कळतो.

बाकीच्या वस्तूंचं म्हणाल तर ज्या द्यायच्या त्या लवकर द्या. बॅटरीवर चालणारी वस्तू वर्षानुवर्षं खोक्यात राहिली की बॅटरी आतल्या आत उतरून निकामी होते आणि वॉरंटीही खोक्यातच संपते. तिकिटं, कूपनं असतील तर ती दुसऱ्याच्या नावावर होतात का ते मिळाल्या मिळाल्या विचारून घ्या, मुदतीच्या आदल्या दिवशी नाही. आणि आयोजकांनो, बक्षिसाबरोबर बिल द्या. मावशीच्या त्या सायकलीचं चाक पुढे वाकलं तेव्हा बिल होतं म्हणून दुकानाने खळखळ न करता बदलून दिलं. ती मुलगी कॉलेज संपेपर्यंत तीच सायकल चालवत होती. मावशीच्या फाइलमधल्या प्रमाणपत्राशेजारी मावशीने एका कागदावर फक्त दुकानाचा नंबर लिहून ठेवला होता, पुन्हा कधी काही मोडलं तर सापडावा म्हणून. एवढी कदर कुठल्या शोकेसमध्ये ठेवून झाली असती?

असो. माझ्याकडे एक ब्लूटूथ स्पीकर आहे, कथास्पर्धेत मिळालेला. सील तसंच आहे, बिल मी आयोजकांकडून मागून घेतलंय. घरात एक आधीच आहे, दुसरा लागत नाही. मुलांना गोष्टी ऐकवणारं, नाच शिकवणारं, ज्येष्ठांचा व्यायामाचा वर्ग घेणारं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. कशासाठी हवाय ते दोन ओळींत सांगा, म्हणजे ज्याला जास्त गरज आहे त्याला देता येईल. फोटो नकोत, आभाराची पोस्ट नको. आणि पुढे कधी त्याचा उपयोग संपला तर खुशाल विका, मला विचारायचीही गरज नाही.