गुळवेलीने एसजीपीटी उतरतं म्हणे!

नेरूळच्या मावशीचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हर तपासायला रक्तात मोजतात ते एंझाइम, 58 आलं आणि रिपोर्ट डॉक्टरला दाखवायच्या आधीच फॅमिली ग्रुपवर तो फिरता मेसेज येऊन पडला. 'एसजीपीटी 40 च्या वर म्हणजे लिव्हर सडायला लागलं, 7 दिवस फक्त कच्चं खा, त्यातली एंझाइम्स रक्तात जातात, रोज गुळवेलीचा काढा घ्या, ओ ब्लड ग्रुपवाल्यांनी तूप सोडा.' रविवारी गेलो तर गॅसवर काढा उकळतोय, वेल कुठली तर सोसायटीच्या कंपाउंडवरची, वॉचमनने तोडून दिलेली!

आधी काढ्याचंच बोलतो. 2021 मध्ये आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी हेपॅटॉलॉजीच्या, म्हणजे लिव्हरच्या आजारांच्या, जर्नलमध्ये 6 पेशंट्सच्या केसेस छापल्या, कोविडमध्ये इम्युनिटी म्हणून गुळवेल घेत होते आणि लिव्हरला इजा होऊन बसली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली हेही खरं, पण 2022 मध्ये देशभरातल्या 13 सेंटर्समधून अशाच 43 केसेस आल्या. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण ज्याचं एसजीपीटी आधीच वाढलंय त्याने हा जुगार कशाला खेळायचा? म्हणजे जे उतरवायला काढा घ्यायचा तेच काढ्याने चढू शकतं.

कच्चं खायचं म्हणाल तर एंझाइम म्हणजे प्रोटीन, पोटात गेलं की अ‍ॅसिड आणि पेप्सिन त्याचे तुकडे पाडतात, काकडीतलं एंझाइम रक्तात जाऊन बसत नाही. रक्तातलं एसजीपीटी आपल्याच पेशींतून गळलेलं असतं, मुख्यतः लिव्हरच्या, कधी जिममध्ये पहिल्यांदाच जड वजनं उचलली तर स्नायूंच्या पण.

40 म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही, लॅबप्रमाणे बदलते, बायकांची तर पुरुषांपेक्षा खालीच असते. त्यामुळे 58 कडे दुर्लक्ष करा असं मी म्हणतच नाहीये, पण सडलं कुठे?

ओ ग्रुपचं मात्र अर्धं खरं निघालं, नाइलाजाने मान्य करतो. ओ आणि बी ग्रुपच्या बऱ्याच जणांमध्ये तुपकट जेवणानंतर काही तास आतड्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं दुसरंच एंझाइम रक्तात वाढतं. पण रिपोर्टवर ती ओळच वेगळी, आणि तो आजार नाही. आणि मावशी ए ग्रुपची आहे, तरी तूप बंद!

मंगळवारची अपॉइंटमेंट घेतलीय. तिला म्हटलं, काढ्याचं लपवू नकोस, किती दिवस घेतलास ते कागदावर लिहून ने. बोटांवर मोजायला लागली, सातचे बारा झाले होते.