राज्यात माणसं टिकवायची असतील तर कंपनी सोडू द्या

‘आपली मुलं इथे शिकतात आणि बाहेर जातात’ हे रडगाणं जगातल्या कितीतरी राज्यांत चालू असतं. उपायही ठरलेले. करात सूट द्या, नव्या कंपन्यांना जागा आणि आधार देणाऱ्या इनक्युबेटरची फीत कापा, नाहीतर शिष्यवृत्तीला अट लावा. मला ही अट सगळ्यात जास्त खटकते. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये एक्सेलसियर शिष्यवृत्ती आणली. सरकारी कॉलेजची फी भरायची नाही, पण जितकी वर्षं मदत घेतली तितकी वर्षं पदवीनंतर राज्यातच राहायचं. बाहेर गेलात तर मदतीचं कर्ज होतं. पोरीला तिच्या विषयातली उत्तम नोकरी शेजारच्या राज्यात मिळाली, तर तिने आधी हप्ते मोजायचे! याला धरून ठेवणं म्हणतात, टिकवणं नाही.

हुशार माणूस पहिल्या नोकरीपेक्षा दुसरीचा विचार जास्त करतो. उद्या इथलं बिनसलं तर याच गावात दुसरं दार आहे का? नवराबायको दोघं नोकरी करणारी असतील तर दारं दुप्पट लागतात.

आणि दारं असली तरी ती बंद करणारा कागद करारपत्रातच असतो. अशी करारपत्रं मी वाचली आहेत. पगार पहिल्या पानावर ठळक, आणि मागे कुठेतरी बारीक अक्षरात: नोकरी सोडल्यावर अमुक महिने याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीत जायचं नाही, स्वतःचा धंदाही काढायचा नाही. पोरं वाचतही नाहीत, सही करून मोकळी होतात.

कॅलिफोर्नियात अशी अट १८७२ पासून जवळपास निरर्थक आहे. १९५७ मध्ये आठ जण शास्त्रज्ञ विल्यम शॉकली यांची प्रयोगशाळा सोडून निघाले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही चिप बनवणारी कंपनी उभी केली. त्यांच्यातलेच नॉइस आणि मूर १९६८ मध्ये तिथूनही बाहेर पडले आणि त्यांनी इंटेल काढली. मालक बदलले, सिलिकॉन व्हॅली तीच राहिली.

उलट गोष्ट मिशिगनची. तिथे अशा अटींवर १९०५ पासून बंदी होती. १९८५ मध्ये स्पर्धाविषयक कायदा नव्याने लिहिताना ती जुनी बंदी सोबत वाहून गेली, तेही फारसं कुणाच्या ध्यानीमनी नसताना. पुढे अभ्यासकांनी पेटंटच्या नोंदी तपासल्या. संशोधकांचं राज्यातल्या राज्यात नोकरी बदलणं घटलं आणि अशा अटी न मानणाऱ्या राज्यांकडे जाणं वाढलं. म्हणजे ज्यांना अडवायचं तेच निसटले.

एवढ्याने सगळं होतं असं नाही. नॉर्थ कॅरोलायनात तीन विद्यापीठांच्या मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क हे संशोधन कंपन्यांसाठीचं संकुल १९५९ मध्ये सुरू झालं आणि आयबीएम यायला १९६५ उजाडलं. एवढा धीर निवडणुकीच्या गणितात बसत नाही, पण करारातली अट काढायला ना जमीन लागते, ना अनुदान.

‘आम्ही शिकवायचं आणि त्यांनी पळायचं?’ असं मालक विचारतात. लहान कंपनीला हे जड जातं, मान्य. पण गुपितं जपायला वेगळे कायदे असतात, आणि माणूस जपायचा तर पगार वाढवा की! राज्याला हवा असलेला उद्योजक आज बहुधा कुणाच्या तरी पगारावरच असतो. तो राजीनामा देऊन स्वतःचं काही काढायला निघाला की त्याला पहिलं पत्र जुन्या कंपनीच्या वकिलाचं येतं, आणि त्या पत्राला बळ राज्याच्याच कायद्याचं असतं.